गळूनही न घटणारं तेल

भातकापणी उरकली होती आणि घरापुढचं खळं नव्याने सारवून झालं होतं. रविवारी सकाळी धुवायला म्हणून मी गाडी माटवाखालून, म्हणजे अंगणातल्या मांडवाखालून, पुढे घेतली, आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेकडे माझं लक्ष गेलं. सारवलेल्या जमिनीवर राख पसरलेली होती आणि राखेच्या मधोमध ताटलीएवढा काळा, ओलसर डाग होता.

आई विहिरीवर कपडे धूत होती. मी तिथूनच विचारलं, "आये, गाडयेखाली राख कोणी घातली?"

"मी घातलंय. मुंगळे झाले हत," ती मान वर न करता म्हणाली.

मी डागाला बोट लावून वास घेतला. हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे वास घेतल्याशिवाय माझं भागत नाही. इंजिनचं तेल होतं, जरा करपलेल्या वासाचं.

तोंडवलीच्या आमच्या घरात आम्ही तिघं: बाबा, आई आणि मी. भाऊ मुंबईला असतो. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर ही छोटी पेट्रोल गाडी वापरलेली घेतली. तेव्हाच ती आठ-दहा वर्षांची होती, आता वीस ओलांडून गेली असेल. तेव्हापासून तीच आम्हाला बाजारात, डॉक्टरकडे, लग्नकार्याला नेत होती. आधी बाबा चालवायचे. मागच्या वर्षी कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. समोरचं नीट दिसतं पण बाजूचं, विशेषतः डावीकडचं, गेलं आहे, आता गाडी चालवू नका, असं ते म्हणाले. त्या दिवशी कुडाळहून परत येताना मी चालवायला बसले आणि नंतर मीच बसत राहिले. शाळेला मी स्कूटरने जाते, त्यामुळे गाडी एरवी घरीच उभी असते. किल्ली पूर्वीसारखीच कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेली असायची.

बाबा पडवीत बसून सुपारी कातरत होते. मी त्यांना डाग दाखवायला बोलावलं. ते आले, वाकले नाहीत, नुसते उभे राहिले.

"जुनी गाडी आसा. थेंबभर तेल पडताच," ते म्हणाले.

"थेंबभर नाय हो, बाबा. केवढो डाग आसा बघा."

"तेल कमी झाला काय ता बघ. कमी नाय तर गळता म्हणान घाबरतंस कशाक?"

ते मला पटलं. बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्याही थोडं वर होतं. मला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी बरं वाटेनासंही झालं. आठवीच्या मुलांना मी शिकवते की पदार्थ नाहीसा होत नाही, इकडून गेला तर तिकडे सापडतो. इथे तेल खाली सापडत होतं आणि वर कमी होत नव्हतं.

त्या आठवड्यात मी गाडीखाली रोज वर्तमानपत्र पसरून ठेवलं. रोज सकाळी कागदावर सात-आठ डाग असायचे, आणि पट्टी पाहिली की तेल भरलेलं. आई म्हणाली, कागद कशाला फुकट घालवतेस, मी राख घालीन. तिलाही माझ्यासारखीच काळजी वाटते आहे असं मी धरून चालले.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी गाडी मालवणच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं आणि वरूनच बोट दाखवलं. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावर, ज्याला तो टॅपेट कव्हर म्हणत होता, तेलाचा थर होता. ओघळ बाजूने खाली गेले होते.

"पॅकिंग गेलंय. जुन्या गाडीत रबर कडक होतं," तो म्हणाला. तो बाहेरगावचा होता, माझ्याशी शुद्ध बोलत होता.

तासाभरात त्याने झाकण काढलं, जुनं कडक रबर माझ्या हातावर ठेवलं आणि नवीन बसवलं. रबर खरोखरच वाळलेल्या आमसुलासारखं झालं होतं. मला वाटलं, संपलं. घरी येऊन बाबांना ते रबर दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन वाकवलं, मोडलं, आणि म्हणाले, "बरा झाला, बदललंस ता." मग बराच वेळ ते तुकडे हातात घेऊन बसून राहिले.

तीन दिवसांनी कागदावर पुन्हा डाग. मी बॉनेट उघडलं. नवं पॅकिंग बसवून त्या माणसाने पुसून लख्ख केलेलं झाकण पुन्हा तेलकट झालं होतं. पट्टीवर तेल आता वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. म्हणजे गळत होतं आणि वाढतही होतं.

मला वाटलं, मलाच पट्टी वाचता येत नाही. इंजिन गरम असताना पाहिलं, गार असताना पाहिलं. गाडी उतारावर उभी आहे का ते पाहायला पाण्याने अर्धी भरलेली बाटली सीटवर आडवी ठेवली. संध्याकाळी भावाला फोन केला. तो म्हणाला, थांब, शोधतो, आणि दहा मिनिटांनी त्याचा परत फोन आला.

"तेल वाढत असेल तर आत पाणी जात असणार. इंजिन उघडावं लागेल. त्यापेक्षा काढून टाक ती गाडी," तो म्हणाला.

आत पाणी गेलं तर तेल चहासारखं दुधट होतं, हे मीही वाचलं. आमचं तेल दुधट नव्हतं. उलट स्वच्छ, मधासारखं होतं, जुन्या गाडीत इतकं स्वच्छ तेल कसं हेही मला कळत नव्हतं. फोन ठेवल्यावर पाहिलं तर बाबा दारात उभे होते.

"काढूक सांगता काय तो?" त्यांनी विचारलं.

"तो काय, काय पण सांगता."

ते आत वळले. त्या रात्री जेवले कमी.

शाळेतल्या शिपाईमामांनी मला एका मेस्त्रीचं घर सांगितलं. हे मेस्त्री पूर्वी बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. आता वय झाल्यामुळे घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या पाहायचे. त्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, नवं पॅकिंग, वाढणारं तेल, कागदावरचे डाग, सगळं. मध्ये एकदाही मला तोडलं नाही.

"बाईंनू, तेल वरसून खाली येता आणि वाऱ्यान मागे जाता," ते म्हणाले. "डाग खंय दिसता थंयच ता गळता असा नसता. हिका आधी धुवची लागतली."

त्यांनी रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन वरून, बाजूने, खालून धुतलं. फडक्याने पुसलं, ऊन लागेल अशी गाडी उभी करून वाळवलं. मग घरात जाऊन अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणला आणि सगळ्या इंजिनावर शिंपडला. लग्नातल्या नवरदेवाइतकं ते पांढरं झालं.

"आता आचऱ्याक जावन परत येवा. वाटेत बॉनेट उघडू नका."

मी आचऱ्यापर्यंत गेले, देवळाजवळून वळले आणि आले. सगळ्या वाटेत मला पावडरीचा वास येत होता. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं. वरचं झाकण कोरडं, पांढरंशुभ्र. मग ते गोणपाटावर उताणे झाले आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. थोड्या वेळाने मलाही वाकायला सांगितलं. इंजिनाच्या तळाला तेल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं, त्याला ते चेंबर म्हणत होते. त्याच्या एका कोपऱ्यात पावडर भिजून काळी झाली होती, आणि त्या जागी पत्रा आत गेला होता. तिथे लाल माती चिकटलेली होती, रॉकेलनेही न निघालेली.

"चेंबर चेपलो. बारीक चीर पडली आसा. ह्यो चिऱ्याच्या धोंड्यार बसलेलो," मेस्त्री म्हणाले. "खंय आदळली गाडी?"

"खंयच नाय. मीच चलवतंय. माका कळला असता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय वाढवला नाही. चेंबर उतरवावं लागेल, झाळावं लागेल, म्हणजे चीर धातू वितळवून बुजवावी लागेल, त्याला दिवस जाईल, सोमवारी घेऊन या, तोवर चालवू नका, असं त्यांनी सांगितलं. गळती बारीक आहे, घरापर्यंत जायला हरकत नाही.

घरी जाताना मी मनात सगळे रस्ते उलटसुलट चालवून पाहिले. गटार, गतिरोधक, शाळेचं फाटक. कुठे आदळल्याचं आठवेना. शिवाय खाली चीर पडली असेल तर वरचं झाकण का तेलकट होत होतं, आणि तेल वाढत का होतं, हे दोन्ही प्रश्न तसेच राहिले होते. आईबाबांना मी सांगितलं की चेंबरला चीर आहे, सोमवारी काम होईल. आई "बरा" म्हणाली आणि तिने बांगडे साफ करायला घेतले. बाबांनी विचारलं, "चेंबर उतरवतलो?" मी हो म्हटलं. ते उठून परसात गेले.

रविवारी गाडी जागची हलली नाही. मी दुपारी मैत्रिणीकडे गेले होते, तेवढीच घराबाहेर. सोमवारी शाळेला अर्धी रजा टाकून सकाळीच मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आम्ही दोघंही पाहत राहिलो.

पांढऱ्या झाकणावर तेलाचा ताजा ओघळ होता. तेल घालायच्या बुचापासून निघून तो खाली गेला होता. बुचाच्या शेजारी पावडरीत चार बोटांचे ठसे उमटलेले होते, कोणीतरी तोल सावरायला हात टेकावा तसे.

"काल खंय गेलात?"

"खंयच नाय. गाडी घरीच."

मेस्त्रींनी पट्टी काढून पाहिली, पुसली, आणि शांतपणे म्हणाले, "ह्या तेल गळान वर नाय इला, बाईंनू. ह्या कोणीतरी वरसून घातला. घालताना सांडला."

आमच्या घरात तीन माणसं. त्यातलं एक मी.

गाडी तिथेच ठेवून मी रिक्षाने घरी गेले. बाबा गावात केस कापायला गेले होते. आई चुलीपाशी होती. मी तिला नुसतं विचारलं, "आये, गाडयेत तेल कोण घालता?"

तिने फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "तेंका काय बोलू नको. माजी पण चूक आसा."

आणि मग तिने सांगितलं. मी शाळेत गेले की आठवड्यातून एकदा ते दोघं गाडी काढायचे. फार लांब नाही, तळाशिलच्या बाजूला, जिथे बाबा पूर्वी एसटी फिरवून परत घ्यायचे तिथपर्यंत. सुरूच्या झाडांखाली दोन मिनिटं थांबायचे आणि परत यायचे. वर्षभर हे चाललं होतं.

"तेंका डावीकडचा दिसणा नाय," आई म्हणाली. "मी बाजूक बसान सांगत होतंय. सायकल इली, म्हस आसा, गडग्याची भिंत जवळ इली, असा. कापणी झाल्यार एक दिवशी माजा ध्यान खंय होता कोण जाणा. रस्त्याच्या मोरयेकडे चाक खाली गेला आणि गाडी चिऱ्यार बसली. दोन माणसांनी उचलून काढून दिली. गाडी चालू झाली, आमका वाटला काय झाला नाय. दुसऱ्या दिवशी बघतंव तर खाली तेल."

मला ओरडायचं होतं. त्या मोरीपासून शंभर पावलांवर अंगणवाडी आहे. एखादं पोर मध्ये आलं असतं तर, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर ती दोघं येत होती, ताठ बसून, एकाच माणसाच्या नजरेने गाडी हाकणारी, आणि मला हसूही येत होतं. रागावू की हसू हे न कळून मी पाण्याचा तांब्या उचलला आणि प्यायले.

"किती दिवस तेल घालतत?"

"तेव्हापासून. तू गेलंस की परसातल्या मांगरातसून तेलाचो डबो काढतत. काल पण घातल्यानी, आज वाटेत संपाक नको म्हणान. ती बारीक खूण तेंका जवळसून दिसणा नाय, अंदाजान घालतत. माका दिसता, पण माका त्या पट्टयेतला काय कळता?"

बाबा आले ते डोकं ओलं करून, टॉवेल खांद्यावर घेऊन. आमची तोंडं पाहून त्यांना कळलं. ते खुर्चीत न बसता ओटीवर, खांबाला टेकून बसले.

"चेंबर बघलो?" त्यांनी विचारलं.

"बघलो."

"मोठी चीर आसा?"

"बारीक."

मी म्हटलं, "बाबा, तुमी माका सांगूक व्हया होता. मी वेड्यासारखी कागद घालीत बसलंय. आणि डाक्टरान सांगलेला मां, चलवू नका म्हणान?"

"डाक्टरान सांगला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तू कधी सांगलंस? तू नुसती माज्या जाग्यार जावन बसलंस."

ते खरं होतं. कुडाळहून परतताना मी किल्ली त्यांच्या हातातून घेतली तेव्हा एक शब्दही बोलले नव्हते. मला वाटलं होतं, न बोलण्यात त्यांचा मान राहील. त्यांना काय वाटलं होतं ते मी विचारलंच नव्हतं.

"तीस वर्षांत गाडयेक ओरखाडो नाय," ते पुढे म्हणाले. "तुज्या भावाक कळला तर तो गाडी काढूक सांगतलो. म्हणान घालत रवलंय. त्या दिवसापासून किल्लयेक हात लावक नाय. आयशीक विचार."

आईने मान हलवली. मी म्हटलं, "मी परत जातंय मेस्त्रींकडे." ते उठले आणि म्हणाले, "मी पण येतंय."

आम्ही पोचलो तेव्हा मेस्त्रींनी तेल काढून चेंबर उतरवलं होतं. बाबांनी ते दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग नजर बाजूला ठेवून अंगठ्याने चेपलेली जागा चाचपली. चीर त्यांना लगेच सापडली. मेस्त्रींनी काही विचारलं नव्हतं. तरी बाबा त्यांना म्हणाले, "माज्या हातान झाला ह्या."

"असा होता कधी कधी, भावजी," मेस्त्री म्हणाले. "माज्या हातान एक होडी फुटलेली." आणि ते लाकडी हातोडी शोधायला लागले.

पत्रा आतून ठोकून सरळ केला, चीर झाळून घेतली. मग मेस्त्रींनी मला विचारलं, खडू आहे का. पर्समध्ये होताच. त्यांनी झाळलेली जागा बाहेरून खडूने पांढरी केली आणि आत रॉकेल ओतून चेंबर दोन विटांवर ठेवलं. आम्ही तिघं तासभर त्या खडूकडे पाहत बसलो. मध्ये चहा झाला. बाबा आणि मेस्त्री एकाच घाटातल्या जुन्या वळणाबद्दल बोलत होते, मला त्यातलं फारसं कळलं नाही. खडू कोरडा राहिला. मग नवीन पॅकिंग, नवीन तेल. मेस्त्रींनी पट्टी काढून माझ्यासमोर धरली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. मी पहिल्यापासून बरोबरच वाचत होते, असं ते म्हणाले.

भावाला मी एवढंच कळवलं की चेंबरला चीर होती, दुरुस्त झाली. कशाने पडली हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे बरोबर केलं का, ते अजून माहीत नाही. बाबांना मात्र त्या संध्याकाळी मी समोर बसून सांगितलं, शब्दांत, की आता चालवू नका. त्यांनी "बरा" म्हटलं. किल्ली खिळ्यावर तशीच राहिली. मी ती लपवावी असं एकदा मनात आलं, पण हात पुढे गेला नाही.

त्यानंतर गाडीखाली मी आणखी आठवडाभर कागद पसरला. कोरडा निघायचा, तरी मला भरवसा वाटायला वेळ लागला. दर रविवारी आता मी दोघांना घेऊन जाते, कधी तळाशिलकडे, कधी मालवणला मासे घ्यायला. पहिल्या रविवारी मी बाबांसाठी पुढचं दार उघडून धरलं. ते त्याच्या शेजारून गेले, मागचं दार उघडून आत बसले आणि आईला म्हणाले, "तू बस पुढे." तेव्हापासून ते मागेच बसतात, उजव्या बाजूच्या खिडकीशी. माझ्यावर रागावून बसतात, की माझ्या गाडी चालवण्यावर नजर जाऊ नये म्हणून, की त्या खिडकीतून त्यांना समुद्र बरा दिसतो म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. आरशात पाहिलं तर ते बाहेर बघत असतात.